दुधाच्या पावत्या आणि सातवीचं गणित: एका मूल्यमापनाचं प्रकरण

संगमनेर-अकोले पट्ट्यातलं एक गाव. जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा, सातवीचा पट २६. गावात दोन दूध संकलन केंद्रं आहेत, आणि सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन तिथल्या रांगेत उभं राहण्याचं काम बऱ्याच घरांत शाळकरी मुलांकडेच असतं. सातवीला गणित शिकवणारे एक सर आणि विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई, अशा दोघांनी पहिल्या सत्रात केलेल्या एका मूल्यमापनाची ही हकिगत आहे. शाळा आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं दिलेली नाहीत. मी गट साधन केंद्रातून, म्हणजे तालुक्यातल्या शाळांना शैक्षणिक मदत करणाऱ्या केंद्रातून, या शाळेत जात असे. मुलांच्या वह्या, सरांची नोंदवही आणि तोंडी कामाच्या वेळी वर्गात बसून ऐकलेलं, एवढ्यावर हे लिहिलं आहे.

सुरुवात झाली सरासरीपासून. सातवीच्या पुस्तकात सांख्यिकी हे प्रकरण आहे आणि जोडस्तंभालेख (दोन-दोन स्तंभ शेजारी काढून तुलना करणारा आलेख) हे आणखी एक. दोन्ही शिकवून झाली होती, छोटी लेखी चाचणीही झाली होती आणि सरासरीचं गणित बहुतेकांचं बरोबर आलं होतं. मग एका तासाला सरांनी फळ्यावर एक खरी पावती उतरवली. सकाळी ८ लिटर, फॅट (दुधातला स्निग्धांश, टक्क्यांत) ३.६. संध्याकाळी ४ लिटर, फॅट ४.२. दिवसाची सरासरी फॅट किती? वर्ग एका सुरात म्हणाला, ३.९. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र म्हणाली, "पण सर, संध्याकाळचं दूध कमीच असतं ना?"

ती बरोबर होती. ८ लिटरला ३.६ आणि ४ लिटरला ४.२ धरले तर २८.८ आणि १६.८, मिळून ४५.६, भागिले १२, म्हणजे ३.८. चाचणीत पैकीच्या पैकी मिळवलेल्या मुलांना हे सुचलं नव्हतं आणि या मुलीला चाचणीत निम्मेही गुण नव्हते. घरच्या दुधाची वही मात्र तीच लिहायची.

आता चाचणीने मोजलं ते काय, हा प्रश्न सरांना पडला. मला विचाराल तर चाचणीने जे मोजायचं ते नीट मोजलं: पाच संख्या दिल्या तर बेरीज करून पाचाने भागता येतं का. कुठल्या संख्यांची बेरीज करायची आणि कशाने भागायचं हे ठरवायची वेळच त्या चाचणीत मुलांवर येत नव्हती.

शिक्षक वाचकांना मूल्यमापनाची चौकट ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. सातवी-आठवीला आकारिक (शिकवता शिकवता होणारं) ४० टक्के, संकलित (सत्राच्या शेवटी होणारं) ६० टक्के. आकारिकाची साधनं आठ: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर, ज्यात स्वयंमूल्यमापन, सहाध्यायी मूल्यमापन, गटकार्य येतं. म्हणजे अस्सल मूल्यमापनासाठी, खऱ्या आयुष्यातल्या कामावरून मूल शिकलं का ते बघण्यासाठी, वेगळी परवानगी कुणाकडे मागायची गरज नाही, जागा कागदावर करून ठेवलेली आहे. त्या जागेत आपण काय भरलं ते मात्र शाळाशाळांतून दिसतं. प्रकल्प म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातला चित्रांचा तक्ता, कापून चिकटवलेली चित्रं, मोठ्या भावाच्या अक्षरातली प्रस्तावना आणि प्लास्टिकचं कव्हर. तोंडी काम म्हणजे पाढे. वर्णनात्मक नोंदी म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफमधून उतरवलेली वाक्यं. यात शिक्षकांचा आळस आहे असं मी म्हणणार नाही. तपासणीला येणारा माणूस फाईल मागतो, म्हणून फाईल तयार होते.

सरांनी प्रकल्पाचा विषय दिला तो एका ओळीचा: घरात दहा दिवसांच्या दुधाबद्दल कुणाला तरी खरोखर पडलेला एक प्रश्न घेऊन या आणि पावत्यांवरून त्याचं उत्तर त्या माणसाला द्या. दहा दिवस यासाठी की केंद्राचं बिल दहा दिवसांनी निघतं. दोन वेळच्या मिळून वीस पावत्या. प्रत्येकीवर लिटर, फॅट, एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ), दर आणि रक्कम.

माझ्या मते या सगळ्या कामातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच होता. पावत्या आणल्या म्हणून काम अस्सल होत नाही. पाठ्यपुस्तकातल्या आकड्यांऐवजी पावतीवरचे आकडे घेऊन तेच सरासरीचं गणित घालता आलं असतं. इथे उत्तराची वाट बघणारं कुणीतरी होतं. आजीला जाणून घ्यायचं होतं की संध्याकाळची फॅट नेहमी जास्त का लागते. एका वडिलांना सरकी पेंड सुरू केल्याचा फायदा झाला का हे हवं होतं. एका आईचा प्रश्न साधा होता: बिल बरोबर आहे का? उत्तर चुकलं तर सरांच्या लाल पेनाआधी घरातलं माणूस हटकणार होतं.

गुण देण्याचे निकष आधी ठरले आणि मुलांना आधीच सांगितले गेले. पहिल्या मसुद्यात "मांडणी व सजावट" असा एक निकष होता. बाईंनी तो खोडला. उरले ते चार, प्रत्येकी ५ गुणांचे. पावतीवरून आकडे बिनचूक उतरवले आहेत का. प्रश्नाला योग्य अशी क्रिया निवडली आहे का आणि ती बरोबर केली आहे का. निष्कर्ष आकड्यांवर टेकलेला आहे का, की आकडे एकीकडे आणि निष्कर्ष दुसरीकडे. आणि ज्याने प्रश्न विचारला त्याला कळेल असं सांगता येतं का. पहिल्या दोहोंचे १० गुण प्रकल्पाखाली, पुढच्या दोहोंचे १० तोंडी कामाखाली नोंदवायचे. एकाच कामात दोन साधनं बसली, शिक्षकाचं कागदकाम वाढलं नाही. ही युक्ती इतर शाळांनी जरूर उचलावी.

अडचण पहिल्याच दिवशी उभी राहिली. वर्गातल्या नऊ मुलांच्या घरी दुभती गाय-म्हैसच नव्हती. आईवडील मजुरीला जाणारे, एक-दोघांच्या घरी शेळ्या. सरांनी सुचवलं की या मुलांनी शेजारच्यांच्या पावत्या घ्याव्यात. बाई म्हणाल्या, मग त्यांना पडलेला प्रश्न कुठून आणणार? दुसऱ्याच्या गोठ्याचा हिशेब करायला सांगितलं की मुलाला आपल्या घरी गोठा नाही एवढंच पुन्हा कळतं. चर्चेअंती काम सैल केलं: घरातला दहा दिवसांचा कुठलाही खरा हिशेब चालेल. निकष तेच.

एक मुलगी आईच्या खुरपणीच्या हजेरीची वही घेऊन आली. दहा दिवसांत सहा पूर्ण दिवस, दोन अर्धे, दोन खाडे. रोज ३०० रुपये. एकूण सात दिवसांची मजुरी, २१०० रुपये. आईचा प्रश्न होता, "मला दिवसाला पडतात किती?" दहाने भागलं तर २१०, कामावर गेलेल्या आठ दिवसांनी भागलं तर २६२.५०. मुलीने दोन्ही काढले आणि लिहिलं की घरखर्चाला २१० धरायचे, कारण खाड्याच्या दिवशीही जेवण लागतं. दुसऱ्या बांधावर जास्त रोज मिळतो का हे बघायचं असेल तर मात्र २१० चा उपयोग नाही. सरासरीवर याहून चांगलं उत्तर त्या वर्गात कुणी दिलं नाही. तिची वही दुधाची नव्हती म्हणून हे काम "पर्यायी" समजलं गेलं असतं तर ते कुणाला दिसलंच नसतं.

दुसरी अडचण नाजूक होती. एक मुलगा पावत्या आणायलाच तयार नव्हता. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्याखाली गेलं की पॉइंटमागे पैसे कापतात. दोन्ही कमी लागले की गावात लोक एकच अर्थ काढतात: पाणी घातलं. खरं तर चारा, जनावराची जात, वेताचा काळ, आजारपण, कशानेही आकडे उतरतात. पण वर्गात वीस पावत्या पसरल्या की वडिलांच्या नावाची चर्चा होणार हे त्या मुलाला पक्कं ठाऊक होतं. सरांनी त्याला काही न विचारता विजेचं बिल घेऊन काम करू दिलं, आणि दुधाच्या आकड्यांचा तक्ता भिंतीवर लावायचा बेत रद्द केला. कुणाची फॅट किती हे लेकरांच्या प्रकल्पातून गावाला कळायचं कारण नव्हतं. घरातल्या खऱ्या गोष्टी वर्गात मागवताना त्या घराची अब्रूही वर्गात येते. शिक्षक-प्रशिक्षणात हा मुद्दा मी क्वचितच ऐकला आहे.

लेखी काम आलं तेव्हा सर थोडे खट्टू झाले होते. जोडस्तंभालेख सुबक होते, काही जरा जास्तच सुबक. दोन वह्यांत अक्षर बदललेलं होतं. पण सरांनी त्यावर वर्गात काही बोलायचं टाळलं, कारण निम्मे गुण तोंडी कामाचे होते. प्रत्येक मुलाला सात-आठ मिनिटं, समोर त्याचीच वही आणि त्यातल्याच आकड्यांवर तीन-चार प्रश्न. हा आकडा कुठून आला? भागाकार बाराने का, दोनाने का नाही? हा दिवस वगळला तर काय होईल? २६ मुलांना सगळे मिळून साडेतीन तास लागले. ते गणित, विज्ञान आणि कार्यानुभवाच्या तासांत विभागले. बाकीचा वर्ग तोवर एकमेकांचे आकडे पावतीशी पडताळत होता.

ज्या वहीत मोठ्या भावाचं अक्षर होतं, तो मुलगा दुसऱ्या प्रश्नाला थांबला. यावर सरांना चौकशी करावी लागली नाही की रागवावं लागलं नाही. प्रकल्प घरून करून आणतात ही तक्रार शिक्षक-बैठकांत कायम असते. तिच्यावर सात मिनिटांच्या बोलण्याइतका दुसरा उपाय मला माहीत नाही.

पेंडीचा प्रश्न घेतलेल्या मुलाने लिहिलं होतं की पेंड सुरू झाल्यावर फॅट ३.६ वरून ३.८ झाली, म्हणजे पेंडीचा फायदा झाला. सरांनी विचारलं, "त्या दिवसांत गोठ्यात आणखी काय बदललं?" मुलगा विचार करून म्हणाला, "पाऊस थांबला. आणि दूध थोडं आटलं." दूध आटतं तेव्हा फॅट वर जाते हे त्याला घरी ऐकून माहीत होतं, फक्त प्रश्नाशी त्याने ते जोडलं नव्हतं. वाक्य बदलायची मुभा होती. त्याने बदललं: "फॅट वाढली, पण पेंडीमुळेच का ते सांगता येत नाही." संध्याकाळच्या फॅटचं उत्तरही असंच बोलता बोलता सापडलं. रात्रभराचं अंतर मोठं, म्हणून सकाळी दूध जास्त आणि फॅट कमी. दिवसाचं अंतर लहान, म्हणून उलट. आजीचा प्रश्न घेतलेल्या मुलीने धारांच्या वेळा लिहून आणल्या होत्या, त्यामुळे अंतर तिला मोजून दाखवता आलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका मुलाच्या एका वाक्यावर. त्याने लिहिलं होतं, "डेअरीवाले प्रत्येक पावतीला दूध मारतात." आधार एवढाच की पावतीवर लिटरचा आकडा दशांश चिन्हानंतर एकाच स्थळापर्यंत होता. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. पुढचे अंक सोडून देत असतील तर एका पावतीला शंभर मिलीलिटरच्या आतलं नुकसान, वीस पावत्यांना जास्तीत जास्त दोन लिटरच्या आत, सरासरीने लिटरभर. ३० रुपये दर धरला तर दहा दिवसांना तीसेक रुपये. पण अंक सोडतात की जवळच्या दशांशात बसवतात? जवळच्या दशांशात बसवत असतील तर कधी कमी, कधी जास्त, आणि वीस पावत्यांत ते बरंचसं फिटून जातं. सरांनी विचारलं, "तुझ्या वीस पावत्यांवरून हे दोन्हींपैकी कुठलं ते कळतं का?" कळत नव्हतं.

सरांनी तिथे शून्य दिलं असतं किंवा शाबासकी दिली असती, तर दोन्ही चूकच. त्यांनी चार दिवसांची मुदत दिली. मुलाने घरी लिटरच्या मापाने दूध मोजून मग केंद्रावर न्यायला सुरुवात केली. चारपैकी तीन वेळा पावती कमी आली. तो विजयी चेहऱ्याने आला, तर बाईंचा प्रश्न तयार: "तुझं माप बरोबर आहे कशावरून?" संध्याकाळी तो किराणा दुकानात गेला, मापात पाणी भरून काट्यावर ठेवलं, रिकाम्या मापाचं वजन वजा केलं. एक लिटर पाणी एक किलो भरायला हवं हे विज्ञानाच्या तासाला झालं होतं. माप थोडं लहान निघालं, म्हणजे घरी मोजलेला आकडाच वाढीव येत होता. त्यात केंद्राच्या सेक्रेटरींनी फेसाचा मुद्दा काढला: ताज्या दुधावर फेस असतो, मापात तो जागा खातो, काट्यावर त्याचं वजन जवळजवळ नसतं. (सेक्रेटरी आधी जरा घुश्शातच होते, "पोरांना हेच शिकवता काय" म्हणाले. मुलाने मापाची गोष्ट स्वतःहून सांगितल्यावर त्यांनी काटा उघडून दाखवला.)

शेवटी वहीत राहिलं ते हे: "चारपैकी तीन वेळा पावती कमी आली. आमचं माप लहान आहे आणि फेस धरला गेला. त्यामुळे दूध मारतात असं सांगता येत नाही आणि मारत नाहीत असंही नाही. वजनावर मोजून बघावं लागेल." तिसऱ्या निकषात त्याला पाचपैकी पाच मिळाले. आलेख वाकडा होता, पहिल्या निकषात दोन आकडे चुकलेले होते; तिथले गुण कापले गेले. चार निकष वेगळे ठेवल्याचा फायदा इथे झाला. एकच "छान" किंवा एकच १३ गुण देऊन यातलं काहीच कळलं नसतं.

दोन शिक्षकांचे गुण जुळले का? सुरुवातीला नाही. पहिल्या तीन मुलांना दोघांनी स्वतंत्रपणे गुण दिले आणि मग ताडून पाहिले. पहिल्या दोन निकषांत फरक नगण्य, चौथ्यात मोठा. धीटपणे बोलणाऱ्या मुलाला सरांनी पाच दिले होते, अडखळत बोलणाऱ्या मजुरीच्या वहीवाल्या मुलीला तीन. बाईंचं म्हणणं असं की आपण इथे धीटपणाला गुण देतो आहोत. त्यांनी निकषाची कसोटी बदलली: विचारणाऱ्याला उत्तर मिळालं का? मुलीच्या आईला मिळालं होतं. धीट मुलाने विचारलेल्या प्रश्नाभोवती बरंच बोलून घेतलं होतं. गुण उलटे झाले. प्रत्येक वेळी दोन शिक्षक मिळणार नाहीत हे खरं, पण पहिली तीन कामं दोघांनी मिळून तपासायला अर्धा तास पुरतो, आणि तेवढ्याने पुढच्या तेवीस मुलांवरचा अन्याय बराच टळतो.

नोंदवहीत झालेला बदल मला सगळ्यात बोलका वाटला. आधीची नोंद: "गणितात रुची घेतो. प्रगती समाधानकारक." या कामानंतरची, त्याच मुलाची: "सरासरी काढतो, कशाने भागायचं ते विचारल्यावर सांगतो, आपणहून ठरवत नाही." दुसरी एक: "निष्कर्ष घाईने काढते, पुरावा मागितला की मागे येऊन सुधारते." अशी नोंद वाचून पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काय करायचं ते कळतं. पीडीएफमधून ती उतरवता येणार नाही, हाही फायदाच.

परिणामांबद्दल फार मोठं बोलण्यासारखं नाही. सत्राच्या शेवटी संकलित चाचणीत वर्गाचे गुण विशेष हलले नाहीत. त्या चाचणीतले प्रश्न जुन्याच धाटणीचे होते, त्यामुळे ते अपेक्षितही होतं. लेखी चाचणीत अ-१ या सगळ्यात वरच्या श्रेणीतल्या दोन मुलांना आपल्याच आकड्यांचं कारण सांगता आलं नाही, आणि क-१, क-२ या खालच्या श्रेणींतली तीन मुलं या कामात वरच्या गटात आली. सरांनी चाचणीची आणि या कामाची श्रेणी एकमेकींत मिसळून झाकली नाही, पालकांना दोन्ही दाखवल्या. अ-१ वाल्या एका मुलाच्या वडिलांना ते आवडलं नाही. "परीक्षेत असं विचारतात का?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि शिष्यवृत्ती परीक्षा डोळ्यासमोर असलेल्या पालकाचा तो अगदी रास्त प्रश्न आहे. सरांनी वहीतला बाराने भागायचा दिवस उघडून मुलालाच वडिलांना समजावून द्यायला सांगितलं. वडिलांचं समाधान झालं असं मला वाटत नाही, पण बिलाची पावती त्यांनी वाचून घेतली.

हे काम दर घटकाला करता येत नाही आणि करूही नये. पूर्णांक संख्यांच्या गुणाकाराला साधी चाचणी उत्तम. उगाच बाजारहाटाची गोष्ट लावून तो अस्सल होत नाही. सरांनी सत्रात एकदा असं ठरवलं आहे. दुसऱ्या सत्रात सगळ्यांसाठी विजेचं बिल घ्यायचा विचार आहे, कारण ते गावातल्या जवळपास प्रत्येक घरात येतं, आणि शंभर युनिटच्या पुढे दर बदलतो हे समजून घेताना मोठी माणसंही गोंधळतात. चौथ्या निकषाची नवी कसोटी कागदावर उतरली आहे. तोंडी कामाला दहाच्या जागी बारा गुण द्यावेत असं बाईंचं मत आहे, सर अजून दहावर आहेत. आणि बिल थकलेलं घर असेल तर त्या मुलाने काय आणायचं, यावर दोघांचं बोलणं व्हायचं आहे.